जुन्या मोटारीच्या इंजिनासाठी सिलिंडर हेडची निवड : धायरी-सिंहगड मार्ग व फियाट-पद्मिनी यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणावयाची असे ठरले की इंजिन उघडले जाते, आणि इंजिन उघडले की प्रथम हाती येतो तो सिलिंडर हेड हा भाग. हे हेड आहे तसेच बसवावे, घासून बसवावे, त्यातील वाटा रुंद कराव्यात, की दुसरे हेड शोधावे, हा निर्णय बहुधा कार्यशाळेतील बाकावर काही मिनिटांतच घेतला जातो. त्याचा परिणाम मात्र त्या गाडीच्या उर्वरित आयुष्यभर टिकतो. बेअरिंग चुकले तर दुसरे आणता येते, पिस्टन चुकला तर बदलता येतो. परंतु हेडवरून एकदा काढलेला धातू परत लावता येत नाही. ज्या गाड्यांचे उत्पादनच थांबले आहे, त्यांच्या बाबतीत प्रत्येक बिघडलेले हेड हे शिल्लक साठ्यातून कायमचे वजा झालेले हेड असते.

पुणे शहराच्या नैऋत्येस, सिंहगड रस्त्यालगत वसलेली धायरी २०१७ मध्ये पूर्णतः पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. धायरी-नऱ्हे परिसर लहान अभियांत्रिकी उद्योगांसाठी परिचित आहे. लेथ, मिलिंग आणि सरफेस ग्राइंडिंग ही कामे जेथे हाकेच्या अंतरावर होतात, तेथे हेड 'फेसिंग' करून घेणे अत्यंत सोपे असते. आणि ते सोपे आहे म्हणूनच ते करण्यापूर्वी विचार होणे आवश्यक असते. प्रस्तुत लेखात सिलिंडर हेडच्या निवडीमागील शास्त्रीय तत्त्वे स्पष्ट करून, ती महाराष्ट्रात दीर्घकाळ तयार झालेल्या फियाट-पद्मिनी या मोटारीस कशी लागू पडतात, याचे विवेचन केले आहे.

सिलिंडर हेडचे कार्य :

इंजिनाचा ब्लॉक हा सिलिंडरच्या भिंती पुरवितो, तर हेड त्यावरील छत पुरविते. मात्र हे छत निष्क्रिय नसते. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ज्या वाटेने आत येते ती वाट, जळालेला वायू ज्या वाटेने बाहेर पडतो ती वाट, या दोन्ही वाटा उघडणारे व मिटणारे व्हॉल्व्ह, ठिणगी पाडणारा प्लग, आणि ज्या पोकळीत ज्वलन घडते तो ज्वलनकक्ष, हे सर्व हेडमध्येच सामावलेले असते. भोवती पाण्याच्या पोकळ्या असतात. थोडक्यात, इंजिनाचा श्वास, त्याचे ज्वलन आणि त्याचा थंडावा या तिन्ही गोष्टी एकाच ओतीव भागावर अवलंबून असतात.

यांपैकी ज्वलनकक्षाचे घनफळ हे संपीडन गुणोत्तर, म्हणजे व्यवहारातील कॉम्प्रेशन रेशो, ठरविते. पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन माथ्याशी असताना उरलेल्या जागेने भागले असता हे गुणोत्तर मिळते. गुणोत्तर वाढले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते. परंतु एका मर्यादेपलीकडे मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो. यालाच मेकॅनिक मंडळी 'नॉकिंग' म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टन, गॅस्केट आणि हेड यांचे नुकसान होते.

हेडरचनेचे टप्पे व महाराष्ट्रातील वाहने :

हेडच्या रचनेचा इतिहास महाराष्ट्रात जुळणी वा निर्मिती झालेल्या वाहनांच्या आधारे सहज समजावून घेता येतो. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे प्रथम क्रायस्लर समूहाच्या डॉज व प्लिमथ या गाड्यांची जुळणी केली. त्या गाड्यांच्या इंजिनांत दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकच्या एका बाजूस असत आणि हेड हे जवळजवळ एक सपाट झाकण असे. अशा रचनेत ज्वलनकक्ष लांब व पसरट होतो, ज्योतीस दूरवर जावे लागते आणि नॉकिंग लवकर उद्भवते. हॅरी रिकार्डो या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात केवळ हेडचा आतील आकार बदलून मिश्रणात घुसळण निर्माण केली आणि अशा इंजिनांची कामगिरी लक्षणीय सुधारली. हेड हे साधे झाकण नाही, हे त्यामुळे ठळकपणे सिद्ध झाले.

दुसरा टप्पा महिंद्र कंपनीच्या सीजे-३बी या जीपमध्ये दिसतो. तिच्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहे. या उंच झालेल्या इंजिनामुळेच त्या जीपचे बॉनेट उंच करावे लागले. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही व्हॉल्व्ह हेडमध्ये आले. कॅमशाफ्ट मात्र खाली ब्लॉकमध्येच राहून पुशरॉड व रॉकर यांच्या साहाय्याने व्हॉल्व्ह उघडू लागले. फियाट ११००, अॅम्बॅसडर आणि अमेरिकेतील बहुसंख्य 'मसल कार' या तिसऱ्या वर्गात मोडतात. म्हणूनच आकाराने इतक्या भिन्न असलेल्या या गाड्यांचा एकत्र विचार करणे शक्य होते.

अमेरिकी मसल कार : विपुलतेतील निवड :

मध्यम आकाराच्या गाडीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसविण्याची जी लाट अमेरिकेत आली, तिचा आरंभ सामान्यतः १९६४ च्या पाँटियॅक जीटीओपासून मानला जातो. या गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांपुढील निवडीचे उत्तम उदाहरण म्हणजे शेव्हरोलेचे ३५० घनइंची इंजिन. त्याचा बोअर १०१.६ मि.मी. व स्ट्रोक ८८.४ मि.मी. असून प्रत्येक सिलिंडरची क्षमता सुमारे ७१७ घन सें.मी. भरते. याच इंजिनावर ६४ घन सें.मी. ज्वलनकक्षाची आणि ७६ घन सें.मी. ज्वलनकक्षाची अशी दोन्ही प्रकारची मूळ हेड बसतात.

गॅस्केटची जाडी, पिस्टनवरील खाचा आणि पिस्टन व ब्लॉकचा माथा यांतील अंतर मिळून १८.८ घन सें.मी. जागा धरली, तर पहिल्या हेडने संपीडन गुणोत्तर सुमारे ९.७ आणि दुसऱ्याने सुमारे ८.६ येते. बाकी इंजिन तेच; केवळ हेड बदलल्याने एका अंकाहून अधिक फरक पडला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर, १९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांची संपीडन गुणोत्तरे खाली आणली. त्यामुळे एकाच दिसणाऱ्या दोन हेडच्या ओतीव क्रमांकामागे दोन वेगळ्या काळांची इंधनधोरणे दडलेली असतात.

तेथील अनुभवी बांधणीकार आणखी एक गोष्ट सांगतात : सर्वांत मोठ्या वाटांचे हेड हे रस्त्यावरील गाडीसाठी क्वचितच सर्वोत्तम ठरते. १९९० च्या दशकात शेव्हरोलेच्या मालवाहू गाड्यांसाठी आलेले 'व्होर्टेक' हे ओतीव लोखंडाचे हेड याचे बोलके उदाहरण होय. त्याचे व्हॉल्व्ह प्रचंड नाहीत, वाटाही माफक आहेत. पण वाटांचा व कक्षाचा आकार विचारपूर्वक घडविलेला असल्याने त्याहून मोठ्या व्हॉल्व्हच्या जुन्या हेडपेक्षा ते रस्त्यावर सरस ठरते. मात्र त्यास स्वतंत्र इनटेक मॅनिफोल्ड लागते, आणि अधिक उचल देणारा कॅमशाफ्ट वापरायचा तर व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या भागात बदल करावे लागतात. हेडची निवड सुटी होत नाही. ती कॅमशाफ्ट, मॅनिफोल्ड, पिस्टन आणि गाडीचा वापर यांच्यासहच होते.

फियाट-पद्मिनी : दुर्मिळतेतील निवड :

भारतात याच तत्त्वांचा विचार वेगळ्या परिस्थितीत करावा लागतो. फियाट ११०० डिलाइट ही मोटार १९६४ पासून कुर्ला येथे तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सें.मी. क्षमतेचे; बोअर ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी. आणि शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर हेड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग दीर्घकाळ मुबलक राहिले. परंतु ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाहेर पडली आणि या पुरवठ्यामागील मोठी मागणीच संपली.

या गाडीच्या मालकापुढे अमेरिकी मालकाप्रमाणे डझनभर हेडची यादी नसते. त्याच्यापुढे चार पर्याय असतात : स्वतःचे मूळ हेड दुरुस्त करणे, भंगारातून दुसरे मूळ हेड मिळविणे, मूळ हेडच्या वाटा व व्हॉल्व्ह मोठे करून घेणे, अथवा नवीन हेड ओतून घेणे. कोल्हापूर परिसरात ओतकामाचे कौशल्य विपुल असले, तरी पाण्याच्या पोकळ्या असलेले हेड ओतण्यासाठी साचे व गाभेपेट्या तयार कराव्या लागतात, आणि एका नगासाठी तो संपूर्ण खर्च त्या एका नगावरच पडतो. त्यामुळे व्यवहारात पहिले तीन पर्यायच उरतात. आणि त्या तिन्हींत सर्वाधिक मोह असतो तो हेड घासून 'पॉवर वाढविण्याचा'.

घासण्याचा हिशोब :

हा मोह किती फलदायी आहे, हे एका साध्या गणिताने तपासता येते. पद्मिनीच्या प्रत्येक सिलिंडरची क्षमता सुमारे २७२.४ घन सें.मी. आहे. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की एखाद्या हेडचा ज्वलनकक्ष ३६ घन सें.मी., गॅस्केटमधील जागा ४.६ घन सें.मी. आणि पिस्टनच्या वरची फट १.१ घन सें.मी. भरली. एकूण ४१.७ घन सें.मी. जागेवरून संपीडन गुणोत्तर ७.५३ येते. आता हे हेड पूर्ण १ मि.मी. घासले आणि कक्षाच्या मुखाचे क्षेत्रफळ ३४ चौ. सें.मी. असले, तर कक्ष ३.४ घन सें.मी.ने लहान होऊन गुणोत्तर ८.११ होते.

आदर्श ऑटो चक्राच्या सूत्रानुसार पहिल्या गुणोत्तरास औष्णिक कार्यक्षमता ५५.४ टक्के, तर दुसऱ्यास ५६.७ टक्के येते. म्हणजे सापेक्ष वाढ सुमारे २.३ टक्के. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ एका अश्वशक्तीहूनही कमी भरते, आणि प्रत्यक्ष इंजिनाची कार्यक्षमता आदर्श चक्रापेक्षा बरीच कमी असते. या लाभासाठी जो मिलिमीटर खर्ची पडला, तो पुढील दोन-तीन वेळच्या दुरुस्तीस पुरला असता. याशिवाय हेडची बैठक पातळ होते, व्हॉल्व्ह पिस्टनच्या अधिक जवळ येतात आणि पुशरॉडची लांबी तीच राहिल्याने रॉकरचा कोन बिघडतो.

याचा अर्थ हेड कधीच घासू नये असा नाही. अतितापाने वाकलेले हेड सपाट करणे अनिवार्यच असते. परंतु सपाटीसाठी घासणे आणि शक्तीसाठी घासणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात शक्य तितका कमी धातू काढावयाचा असतो. दुसऱ्यात तो काढणे हाच हेतू असतो.

येथे महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा उपयोग स्पष्ट दिसतो. ज्वलनकक्षाचे घनफळ मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. व्हॉल्व्ह व प्लग बसवून हेड उलटे व सपाट ठेवावे, कक्षाच्या मुखावर ग्रीसच्या पातळ थराने छिद्र असलेली पारदर्शक पट्टी चिकटवावी आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ब्युरेटने रंगीत द्रव सोडून कक्ष भरावा. ब्युरेटवरील वाचन हेच घनफळ. चारही कक्षांचे वाचन घेतले की हेड पूर्वी किती घासले गेले आहे, आणि ते तिरके घासले गेले आहे काय, याचाही अंदाज येतो. भंगारातून आणलेल्या हेडच्या बाबतीत तर ही चाचणी पैसे देण्यापूर्वीच व्हावयास हवी.

वाटांचा आकार व सिंहगडाची चढण :

तिसरा पर्याय वाटा रुंद करण्याचा. त्याची परीक्षा घेण्यासाठी धायरीहून सिंहगडाकडे जाणारा रस्ता हे उत्तम उदाहरण आहे. खडकवासला, डोणजे मागे टाकून गाडी घाटास लागते, तेव्हा ती दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर, पण मध्यम फेऱ्यांवर चालत असते. अशा वेळी कमाल शक्तीपेक्षा मध्यम फेऱ्यांवरील ओढ, म्हणजे टॉर्क, महत्त्वाचा असतो.

मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर पद्मिनीच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर असतो. पिस्टनचे क्षेत्रफळ ३६.३ चौ. सें.मी. आहे. आत येणाऱ्या वाटेचा सर्वांत अरुंद भाग ७ चौ. सें.मी. धरला, तर त्या ठिकाणी मिश्रणाचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६२ मीटर होतो. घाटात २४०० फेऱ्यांवर तो ३१ मीटरवर येतो. आता ही वाट रुंद करून ९ चौ. सें.मी. केली, तर घाटातील वेग २४ मीटरपर्यंत घसरतो. मिश्रणाचा वेग कमी झाला की पेट्रोलचे थेंब नीट विरघळत नाहीत, सिलिंडर भरताना मिळणारा गतीचा लाभ कमी होतो आणि कक्षातील घुसळण मंदावते. परिणामी सपाट महामार्गावर थोडीशी चपळ वाटणारी गाडी घाटात मात्र दम टाकते. वाटांमधील ओतकामाचे उंचवटे काढणे, मॅनिफोल्ड व हेड यांची तोंडे एकमेकांशी जुळविणे आणि व्हॉल्व्ह सीटचे कोन नीट कापणे, एवढ्या मर्यादित कामाने श्वास सुधारतो व वेगही टिकतो.

चढणीचा आणखी एक पैलू उंचीचा आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, तर सिंहगड सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. प्रमाणित वातावरणाच्या हिशोबाने समुद्रसपाटीच्या तुलनेत हवेचा दाब पुण्यात सुमारे ६ टक्क्यांनी आणि सिंहगडावर सुमारे १४ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे पुण्यात ८.१ गुणोत्तराने संपीडनाअखेर जेवढा दाब मिळतो, तेवढा समुद्रसपाटीवर सुमारे ७.७ गुणोत्तरानेच मिळतो. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. हेड घासलेली गाडी धायरीत नॉकिंगविना चालली, म्हणून ती खोपोलीच्या खाली, कोकणात वा मुंबईत तशीच चालेल असे नाही. पुण्यात घेतलेली चाचणी ही सौम्य चाचणी असते.

इंधनातील स्थित्यंतरे :

हेड ज्या काळात घडले त्या काळचे इंधन आज उपलब्ध नाही. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये नॉकिंग रोखण्यासाठी शिशाचे संयुग मिसळले जाई. त्याचा एक आनुषंगिक लाभ असा, की ज्वलनातून तयार झालेला शिशाचा थर व्हॉल्व्ह सीटचे झिजण्यापासून रक्षण करी. १ फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण भारतात शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्विवाद हितकारक होता. जुन्या इंजिनांसाठी मात्र त्याने एक नवा प्रश्न उभा केला.

अॅम्बॅसडरच्या १४८९ घन सें.मी. इंजिनासारख्या ओतीव लोखंडी हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट थेट हेडच्याच धातूत कापलेली असते. शिशाचे संरक्षण गेल्यावर उष्ण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या सीटमध्ये हळूहळू रुतत जातो. अशा हेडमध्ये कठीण मिश्रधातूची सीट बसविणे हाच टिकाऊ उपाय होय. पद्मिनीच्या अॅल्युमिनियम हेडमध्ये सीट प्रारंभापासूनच वेगळी बसविलेली असते, त्यामुळे ती बदलणे तुलनेने सोपे असते. तथापि नवीन सीट कोणत्या धातूची आहे आणि ती किती घट्ट बसविली आहे, याची विचारणा अवश्य करावी.

दुसरे स्थित्यंतर इथेनॉलचे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल हेच सामान्य इंधन झाले आहे. केंद्र शासनाच्या निवेदनानुसार सामान्य पेट्रोलचा ऑक्टेन अंक पूर्वी ८८ होता, भारत स्टेज-४ च्या वेळी तो ९१ झाला आणि २० टक्के मिश्रणामुळे तो ९५ वर गेला. हे पाहून संपीडन गुणोत्तर वाढविण्यास मोकळीक मिळाली असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजू पाहणे आवश्यक ठरते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ पट. २० टक्के मिश्रणास हे प्रमाण सुमारे १३.५ येते. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला, तर इंजिनास गरजेपेक्षा सुमारे ८ टक्के कमी इंधन मिळते, मिश्रण पातळ होते आणि विशेषतः चढणीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापतो. म्हणजे ऑक्टेनने दिलेली सवलत पातळ मिश्रण काढून घेऊ शकते. जेट बदलल्याविना व इग्निशन टायमिंग तपासल्याविना हेडविषयी कोणताही निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

धातूची तपासणी :

अॅल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हेडची लांबी ४०० मि.मी. आणि तापमानातील वाढ ८० अंश सेल्सिअस धरली, तर हेड व ब्लॉक यांच्या प्रसरणात सुमारे ०.४ मि.मी. फरक पडतो. प्रत्येक वेळी इंजिन तापते व थंडावते तेव्हा हा फरक गॅस्केटला सोसावा लागतो. म्हणूनच बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळावयाचे असतात. हेड गरम असताना ते उघडणे हे वाकलेल्या हेडमागील एक नेहमीचे कारण आहे.

हेड स्वीकारण्यापूर्वी चार तपासण्या क्रमाने व्हाव्यात. पहिली, सरळपट्टी व फीलर गेज यांनी सपाटीची. दुसरी, भेगांची, अॅल्युमिनियमला चुंबकीय कणांची चाचणी चालत नाही, तेथे रंगभेदक द्रवाचीच चाचणी घ्यावी लागते. तिसरी, पाण्याच्या पोकळ्यांना हवेचा दाब देऊन गळतीची. चौथी, कठीणपणाची, फार तापलेले अॅल्युमिनियम मऊ पडते आणि असे हेड सपाट केले तरी पुन्हा वाकते. या चार तपासण्यांनंतरच गाइड, सीट व व्हॉल्व्ह यांवर खर्च करणे योग्य. व्यवहारात अनेकदा हा क्रम उलटा होतो : आधी सीट बसते, व्हॉल्व्ह घासले जातात, आणि पाणी भरल्यावर भेग दिसते.

कायदा व मूळपणा :

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ विनिर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीस दुजोरा दिला. मूळ हेडची दुरुस्ती या मर्यादेत निश्चितच बसते. इंजिन वा त्याची क्षमता बदलणे हा मात्र वेगळा विषय आहे.

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या गाड्यांसाठी 'विंटेज' नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. त्यात वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. पद्मिनी हे नाव धारण करणाऱ्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. त्यामुळे आज कार्यशाळेत हेडवर जे काम होईल, ते उद्या त्या गाडीच्या मूळपणाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर ठरू शकते. केलेल्या कामाची मोजमापे व छायाचित्रे जपून ठेवणे हे म्हणूनच केवळ हौसेचे नव्हे, तर हिताचे आहे.

समारोप :

सिलिंडर हेडची निवड ही वस्तुतः गाडीच्या वापराची निवड असते. शर्यतीसाठी, महामार्गासाठी, घाटासाठी आणि जतनासाठी एकच हेड सर्वोत्तम असू शकत नाही. अमेरिकी मसल कारच्या बाबतीत विपुल पर्यायांतून जुळणारे हेड शोधावे लागते. पद्मिनीसारख्या गाडीच्या बाबतीत हाती असलेले हेड वाचवावे लागते. दोन्हीकडे तत्त्व एकच : आधी वापर ठरवावा, मग मोजावे, मग इंधनाशी जुळवावे आणि हत्यार सर्वांत शेवटी लावावे. या क्रमाने विचार केल्यास रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक पद्मिनींसाठी योग्य हेड तेच ठरते, जे तिच्यावर पूर्वीपासून आहे : नीट तपासलेले, आवश्यक तेवढेच सपाट केलेले, नव्या कठीण सीटचे आणि आजच्या इंधनास अनुरूप जेटसह बसविलेले.

या कामी महाविद्यालयांना मोलाची भूमिका बजावता येईल. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी, इतिहास आणि विधी या विद्याशाखा येथे सहजपणे एकत्र येतात. परिसरातील कार्यशाळांत येणाऱ्या जुन्या हेडचे कक्ष-घनफळ, जाडी आणि सपाटी यांची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवली, तर काही वर्षांत एक विश्वासार्ह नोंदवही तयार होईल. मूळ हेडची जाडी किती होती हे जोवर लिहून ठेवलेले नाही, तोवर किती धातू शिल्लक आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. ही माहिती आज काही वयस्क कारागिरांच्या बोटांत आहे. ती कागदावर उतरणे आवश्यक आहे.